छातीवर आठवडाभर चालणारा वायरलेस ईसीजी सेन्सर: कामाचा क्रम काय आणि माती कुठे होते

दरवर्षी प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की लास्ट इयरवाल्यांचे तेच ते मेसेज सुरू होतात. दादा, टेबलावर ग्राफ मस्त येतो पण चालायला लागलं की नुसतं गवत. दादा, बॅटरी दुपारपर्यंतच पुरते. दादा, रात्री फोनने कनेक्शन सोडलं आणि सकाळी फाईलमध्ये काहीच नाही. सर्किट प्रत्येकाचं वेगळं असतं पण घोळ सगळ्यांचा एकच, सुरुवात अ‍ॅपपासून करतात. आधी ब्लूटूथ जोडायचं, मग रंगीत ग्राफ काढायचा, मग कधीतरी बॅटरीकडे बघायचं, आणि इलेक्ट्रोड घामात चिकटून राहतो का हे व्हायवाच्या आदल्या रात्री. क्रम बरोबर उलटा पाहिजे. आधी कागद, मग कातडी, मग कोड.

इथे जे सांगतोय ते एक चॅनेलचा ईसीजी, छातीवर चिकटणारा, ब्लूटूथ लो एनर्जीने (बीएलई) फोनला डेटा देणारा आणि सात दिवस चालणारा, अशा सेन्सरबद्दल आहे. शिकण्यासाठीचं डिव्हाइस आहे हे, निदानासाठीचं नाही. घरात कुणाच्या छातीत दुखतंय, दम लागतोय, डोळ्यापुढे अंधारी येतेय तर हा सेन्सर लावून बघत बसू नका, १०८ ला फोन लावा.

## १. नक्की काय साठवायचंय ते कागदावर ठरवा

हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके मारतं. तुम्ही फक्त दोन ठोक्यांमधलं अंतर साठवलं, म्हणजे आरआर इंटरव्हल, प्रत्येकी २ बाइट, तर दिवसाचा डेटा २०० किलोबाइट. पूर्ण वेव्हफॉर्म, म्हणजे ईसीजीची अख्खी रेष, साठवायचा म्हटलं तर सेकंदाला २५० सॅम्पल (मोजलेले आकडे), प्रत्येकी २ बाइट, दिवसाचे ४३ मेगाबाइट आणि आठवड्याचे ३०० च्या वर. म्हणजे दोनशे पटीपेक्षा जास्त फरक आहे, आणि रेडिओ (ब्लूटूथने पाठवणारा भाग), मेमरी, बॅटरी तिन्ही गोष्टी याच एका निर्णयावर ठरतात, तरी हा निर्णय कुणी घेतच नाही, कोड लिहिता लिहिता जे होईल ते होतं.

माझं मत विचाराल तर वेव्हफॉर्म सोडू नका. नुसते आरआर आकडे ठेवले की एखादा ठोका लवकर आला असं दिसतं, पण तो खरंच लवकर आला की तुम्ही कुशीवर वळलात म्हणून अल्गोरिदम फसला हे नंतर कळायला मार्गच उरत नाही. म्हणून वेव्हफॉर्म सेन्सरवरच्या फ्लॅशमध्ये लिहायचा आणि फोनकडेही पाठवायचा. फ्लॅश किती? १६ मेगाबाइटची चिप साधारण ९ तास पुरते, रात्रीची झोप निघून जाते. १२८ मेगाबाइटची घेतली तर जवळपास तीन दिवस. मायक्रो एसडी कार्ड शक्यतो टाळा, लिहिताना ते बऱ्यापैकी करंट खातं आणि मध्येच पॉवर गेली तर फाईल खराब होण्याची भीती वेगळी.

आणि एक, मॅक्स३०१०२ चं ते छोटं लाल दिवावालं मॉड्यूल घेऊन रिपोर्टमध्ये ईसीजी लिहू नका. ते बोटातलं रक्त प्रकाशाने मोजतं. पल्स मिळते, ईसीजी नाही.

चेक: सॅम्पलिंग रेट, सॅम्पलचे बाइट, दिवसाचे मेगाबाइट आणि किती तासांचा डेटा सेन्सरवर राहील, हे चार आकडे एका कागदावर लिहून झाल्याशिवाय काही विकत घेऊ नका.

## २. बॅटरीचा हिशोब, आणि करंट गुपचूप कोण खातंय

छातीवर बरी दिसेल अशी लिथियम पॉलिमर सेल म्हणजे १५० मिलिअँपिअर-तासाची. सात दिवस म्हणजे १६८ तास. भागाकार केला की सरासरी ०.९ मिलिअँपिअरच्या आत राहायचंय. सेल शेवटच्या थेंबापर्यंत वापरता येत नाही म्हणून टार्गेट ०.६ चं ठेवा, कागदावर दहा दिवस दिसतील तेव्हा कुठे प्रत्यक्षात सात मिळतात.

आता बघा काय होतं. एडी८२३२ ही ईसीजीची चिप स्वतः फक्त १७० मायक्रोअँपिअर घेते, तिचा काही त्रास नाही. पण तुम्ही ईएसपी३२ या वायफायवाल्या कंट्रोलरचा डेव्हलपमेंट बोर्ड लावता, वायफाय चालू ठेवता, तो पाठवताना २४० मिलिअँपिअरपर्यंत जातो, सरासरी १०० धरली तरी ही सेल दीड तासात संपली. मग कुणीतरी सांगतं डीप स्लीप टाक. टाकलं तरी संपते, कारण चिप झोपली तरी बोर्डवरचा एएमएस१११७ रेग्युलेटर जागाच असतो आणि तो एकटा काही न करता ५ मिलिअँपिअर पितो. म्हणजे ३० तासात सेल रिकामी, ती पण काहीही न मोजता. वर पॉवरचा लाल एलईडी, यूएसबीची चिप, आणि बऱ्याच ईसीजी बोर्डांवर ठोक्याबरोबर लुकलुकणारा एलईडी असतो तो, हे सगळे फुकटे.

म्हणून:

- कंट्रोलर बीएलईवाला घ्या, एनआरएफ५२८३२ किंवा त्याच घरातला. रेडिओ चालू असताना ५ ते ६ मिलिअँपिअर, झोपेत २ मायक्रोअँपिअरच्या आसपास. ईएसपी३२ टेबलावर शिकायला उत्तम, छातीवर आठवडाभर न्यायला नाही.
- रेग्युलेटर एमसीपी१७०० सारखा, जो स्वतःला १.६ मायक्रोअँपिअर घेतो. ३ व्होल्टवाला, कारण एडी८२३२ ला ३.५ व्होल्टच्या वर चालत नाही.
- सगळे एलईडी काढा. काढा म्हणजे सोल्डरिंग आयर्नने काढा, कोडमधून बंद करून भागत नाही.

सावधान: पुण्यात पासोड्या विठोबाच्या बोळात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळणारं टीपी४०५६ चं चार्जिंग बोर्ड जसंच्या तसं लावू नका. त्यावर १.२ किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि ते १ अँपिअरने चार्ज करतं. १५० च्या सेलला १ अँपिअर म्हणजे सेल फुगणार, नशीब वाईट असेल तर पेटणार. तो रेझिस्टर बदलून १० किलोओहमचा लावला की करंट १३० मिलिअँपिअरवर येतो. सेलच्या डेटाशीटमध्ये यापेक्षा कमी दिला असेल तर त्यानुसार अजून मोठा लावा.

सीआर२०३२ च्या बटण सेलवर चालवू का, हेही बरेच जण विचारतात. तिच्यावर २२० मिलिअँपिअर-तास लिहिलेले असतात म्हणून मोह होतो, पण ती सेल थेंबाथेंबाने द्यायला बनलीय, रेडिओने एकदम ओढलं की व्होल्टेज खाली बसतं आणि कंट्रोलर रिसेट होतो. वापरायचीच तर शेजारी मोठा कपॅसिटर लावून.

चेक: करंट मल्टिमीटरने मोजून समाधान मानू नका, मायक्रोअँपिअर रेंजमध्ये मीटर स्वतःच व्होल्टेज खातो आणि रेडिओचे झटके त्याला दिसत नाहीत. १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाकून ऑसिलोस्कोपवर बघा, १० मिलिअँपिअरचा झटका १०० मिलिव्होल्टचा दिसतो. कॉलेजच्या लॅबमध्ये पॉवर प्रोफायलर असेल तर प्रश्नच मिटला.

## ३. अंगाला लावण्याआधी

हा टप्पा छोटा आहे पण वगळायचा नाही. इलेक्ट्रोड अंगावर असताना सर्किटला चार्जरची यूएसबी केबल, चार्जरला लावलेला लॅपटॉप, स्कोप, काहीही जोडायचं नाही. स्वस्त चार्जरचं इन्सुलेशन कधी दगा देईल सांगता येत नाही आणि त्या वेळी मधला रस्ता तुमच्या छातीतून जातो. डेटा बघायचा तर ब्लूटूथवरून, किंवा चार्जर काढून ठेवलेल्या लॅपटॉपवर.

प्रत्येक इलेक्ट्रोडच्या वायरमध्ये रेझिस्टर हवाच. ३.३ व्होल्टवर काही बिघडलं तरी १० मायक्रोअँपिअरच्या वर जायला नको असेल तर साधा ओहमचा नियम सांगतो की वाटेत एकूण ३३० किलोओहम तरी पाहिजेत. बोर्ड विकत घेतलं असेल तरी ते रेझिस्टर खरंच बसवलेत का हे मीटर लावून बघा, स्वस्त कॉपी बोर्डांवर काहीही असू शकतं.

चार्जिंग कायम अंगावरून काढून. पेसमेकर बसवलेल्या माणसावर ट्रायल नाही म्हणजे नाही. मित्रांवर टेस्ट करणार असाल तर लेखी संमती घ्या आणि कॉलेजच्या एथिक्स कमिटीला आधी विचारा, नंतर नाही. पुढे विकायचा विचार असेल तर मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ लागू होतात, तो वेगळाच डोंगर आहे.

## ४. कातडी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ईसीजीचा सिग्नल छातीवर जेमतेम १ मिलिव्होल्टचा असतो. इलेक्ट्रोड आणि त्वचा जिथे टेकतात तिथे शेकडो मिलिव्होल्टचा फरक आपोआप तयार होतो, एडी८२३२ साधारण ३०० पर्यंत सहन करते. आता इलेक्ट्रोड जरा सरकला की हा मोठा आकडा हलतो आणि तुमचा १ मिलिव्होल्ट त्यात बुडून जातो. चालताना येणारं गवत ते हेच. सॉफ्टवेअरने हे पूर्ण साफ होत नाही, कितीही फिल्टर लावा.

तयारी अशी करा. सर्जिकल दुकानातून जेलवाले सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचे इलेक्ट्रोड आणा, एक्स्पायरी बघून, आणि पाकीट फोडल्यावर उरलेले झिपलॉकमध्ये ठेवा नाहीतर जेल सुकतं. सगळे इलेक्ट्रोड एकाच पाकिटातले लावा, दोन कंपन्यांचे मिसळले की तो व्होल्टेजचा फरक अजून वाढतो. केस असतील तर ट्रिमरने काढा, ब्लेडने नको, ब्लेडने बारीक कापतं आणि त्यावर आठवडाभर चिकटपट्टी म्हणजे पुरळ नक्की. साबणाने धुवायचं, कोरड्या टॉवेलने पुसायचं, मग जाळीच्या कोरड्या गॉजने दोन-चार वेळा हलकं घासायचं, त्वचा किंचित गुलाबी झाली की बास. तेल, पावडर, बॉडी लोशन काहीच नाही. सॅनिटायझर लावला असेल तर तो पूर्ण उडू द्या. चिकटवताना कडेने दाबा, मधोमध दाबलं की जेल बाहेर पसरून चिकटणारा भागच ओला होतो.

जागा कुठली? एक इलेक्ट्रोड छातीच्या मधल्या हाडाजवळ, डाव्या कॉलरबोनच्या खाली. दुसरा डावीकडे तिरका खाली, वीतभर अंतरावर, बरगड्यांवर. दोघांमधलं अंतर कमी केलं की सेन्सर सुटसुटीत दिसतो पण सिग्नल छोटा होतो, यात फुकट काही मिळत नाही. खांद्याजवळच्या जाड स्नायूवर लावू नका, हात हलवला की स्नायूचा आवाज येतो.

आणि वायर. बोर्ड खिशात आणि तीन फूट वायर छातीवर, हे चित्र जवळपास प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असतं आणि निम्मी वाट तिथेच लागते. लोंबणारी वायर इलेक्ट्रोडला ओढते शिवाय घरातल्या विजेचा ५० हर्ट्झ गोळा करते. सर्किट दोन इलेक्ट्रोडच्या मध्येच बसवा, स्नॅप बटणं थेट बोर्डला. जमत नसेल तर वायर शक्य तितकी आखूड, आणि इलेक्ट्रोडपासून दोन बोटांवर वायरला एक छोटा वळसा देऊन तो मेडिकल टेपने त्वचेला चिकटवा, म्हणजे ओढ टेपवर येते, इलेक्ट्रोडवर नाही.

साधे फोमचे इलेक्ट्रोड सात दिवस टिकत नाहीत. आपल्याकडच्या मे महिन्यात, त्यातही कोकणात किंवा मुंबईत असाल तर दुसऱ्या दिवशीच कडा सुटायला लागतात. त्यामुळे बदलायचं वेळापत्रक आधीच ठरवा, रोज आंघोळीनंतर म्हणा, आणि प्रत्येक वेळी नवा इलेक्ट्रोड जुन्याच्या जागेवर न लावता एक बोट बाजूला. बदलल्याची वेळ लिहून ठेवा कारण वेव्हफॉर्मचा आकार थोडा बदलणार, नंतर तुम्हालाच वाटेल की हृदयात काहीतरी झालं.

सावधान: लालसरपणा इलेक्ट्रोड काढल्यावर थोड्या वेळात गेला तर ठीक. खाज, फोड, पाणी सुटणं दिसलं तर तिथे पुन्हा लावायचं नाही, ट्रायल थांबवायची आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवायचं.

चेक: लावल्यावर १० ते १५ मिनिटं थांबा, जेलला मुरायला वेळ लागतो. मग पाच मिनिटं शांत बसून, पाच मिनिटं चालत, आणि एक मिनिट दात घासतात तसा हात हलवत रेकॉर्ड करा. रेष जाड आणि एकसारखी थरथरत असेल तर ५० हर्ट्झ, म्हणजे कुठलातरी इलेक्ट्रोड सैल किंवा सुकलेला. रेष हळूहळू वरखाली होत असेल तर श्वास किंवा वायरची ओढ. बारीक काटेरी असेल तर स्नायू. चालतानाचे टोकदार ठोके डोळ्यांना मोजता येईनात तोपर्यंत पुढच्या टप्प्याला हात लावू नका.

## ५. सॅम्पलिंग

कोडमध्ये एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) वाचून चार मिलिसेकंद डिले टाकायचा आणि त्याला २५० हर्ट्झ म्हणायचं, हे बंद करा. वाचायला, प्रिंट करायला, रेडिओला वेळ लागतो, तो चारच्या वर जातो आणि प्रत्येक वेळी वेगळा. टायमरने एडीसीला ट्रिगर करा, सॅम्पल डीएमएने (प्रोसेसरला न उठवता थेट मेमरीत) बफरमध्ये जाऊ द्या, प्रोसेसरला झोपू द्या, बफर भरला की उठवा. अचूकपणाही येतो आणि बॅटरीही वाचते.

टेबलावर ईएसपी३२ ने शिकत असाल तर एक ठरलेला खड्डा आहे: एडीसी२ च्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. ग्राफ येत होता आणि वायफाय जोडल्यावर मेला असं झालं की समजून जा, सिग्नल ३२ ते ३९ मधल्या पिनेवर न्या.

नेटवरून उचललेल्या कोडमध्ये बऱ्याचदा ६० हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढीच एक फ्रिक्वेन्सी कापणारा) असतो, तो अमेरिकेसाठी. आपली वीज ५० ची. आणि नॉच फार अरुंद ठेवला की प्रत्येक उंच ठोक्यानंतर लहरी उमटतात ज्या खऱ्या सिग्नलसारख्या दिसतात, त्यामुळे आधी इलेक्ट्रोड नीट करा, नॉच सगळ्यात शेवटी.

घड्याळही बघा. चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर ५०० पीपीएमची (दहा लाखात ५००) चूक धरली तर दिवसाला ४३ सेकंद इकडे तिकडे. बाहेरचा २० पीपीएमचा क्रिस्टल लावला तर दिवसाला पावणेदोन सेकंद. क्रिस्टल किरकोळीत मिळतो, लावा.

## ६. रेडिओ

बीएलईमध्ये करंट डेटापेक्षा रेडिओ किती वेळा उठतो यावर जातो. न सांगता सोडलं तर एका पॅकेटमध्ये २० बाइट बसतात, आपले सेकंदाला ५०० बाइट, म्हणजे सेकंदाला २५ पॅकेट. एमटीयू, म्हणजे पॅकेटची कमाल साईज, २४७ मागून घ्या, मग ०.४ सेकंदाचे १०० सॅम्पल, २०० बाइट, एका पॅकेटमध्ये आरामात बसतात आणि पुढे टाइमस्टॅम्प आणि अनुक्रमांकाला जागा उरते. कनेक्शन इंटरव्हल, म्हणजे रेडिओ किती वेळाने उठतो ते, ४०० मिलिसेकंदाचा मागा. ७.५ चा मागून ग्राफ मख्खन चालतो हे खरं, पण तुम्हाला आठवडा काढायचाय, गेम खेळायची नाहीये.

अनुक्रमांक विसरू नका. तो नसेल तर हरवलेलं पॅकेट कळत नाही, दोन टोकं आपोआप जोडली जातात आणि ०.४ सेकंद गायब झाल्यामुळे ठोका लवकर आल्याचा भास होतो. अशा नकली अनियमित ठोक्यांवर अख्खे रिपोर्ट लिहिलेले बघितलेत.

बीएलईची तयार हार्ट रेट सर्व्हिस वापरून आरआर पाठवत असाल तर त्याचं एकक १/१०२४ सेकंद आहे, मिलिसेकंद नाही.

शरीर २.४ गिगाहर्ट्झ शोषून घेतं. अँटेना त्वचेच्या बाजूला नको, बाहेरच्या बाजूला हवा, खाली काही मिलिमीटर फोम. आणि रेंजची टेस्ट टेबलावर नाही, सेन्सर छातीवर आणि फोन पॅन्टच्या मागच्या खिशात ठेवून. तिथे चाललं तर सगळीकडे चालेल.

## ७. फोन

अँड्रॉइड रात्री अ‍ॅप मारतो. फोरग्राउंड सर्व्हिस लावा, नोटिफिकेशन कायम दिसू द्या, बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून अ‍ॅप वगळा, आणि काही कंपन्यांच्या फोनमध्ये ऑटोस्टार्ट नावाची वेगळी परवानगी असते तीही द्या. तरीही मारेलच असं धरून चाला. कनेक्शन परत आल्यावर शेवटच्या अनुक्रमांकापासून फ्लॅशमधला डेटा मागून घ्यायचा कोड आधीच लिहून ठेवा.

चेक: मुद्दाम फोन दोन तास स्विच ऑफ करा. चालू केल्यावर ते दोन तास फाईलमध्ये आले पाहिजेत.

## ८. ठोके शोधणं, आणि रिपोर्टमध्ये काय लिहू नये

पॅन-टॉम्पकिन्स, ठोके शोधायची १९८५ ची पद्धत, अजूनही पहिल्या प्रोजेक्टला पुरेशी आहे. पण मूळ आकडे २०० हर्ट्झचे आहेत. तिथली ३० सॅम्पलची खिडकी म्हणजे १५० मिलिसेकंद, तुमच्या २५० वर तीच ३७-३८ सॅम्पलची होते. फिल्टरचे सगळे आकडे नव्याने काढायचे. तसंच फिजिओनेट या साईटवरचा एमआयटी-बीआयएच हा ईसीजींचा डेटाबेस, अर्ध्या अर्ध्या तासाची ४८ रेकॉर्डिंग, फुकट मिळतो, त्यावर आधी टेस्ट करा, पण तो ३६० हर्ट्झचा आहे, रिसॅम्पल न करता घातला की निकाल चांगला आला काय आणि वाईट आला काय, दोन्ही खोटे.

इलेक्ट्रोड सुटल्याचा सिग्नल एडी८२३२ दोन पिनांवर देते. तो प्रत्येक पॅकेटमध्ये टाका. सुटलेल्या वेळेतले ठोके मोजायचेच नाहीत, ती वेळ "डेटा नाही" म्हणून वेगळी दाखवायची.

आणि कृपा करून "हार्ट अ‍ॅटॅक डिटेक्शन" लिहू नका. एडी८२३२ च्या नेहमीच्या बोर्डवरचा फिल्टर ०.५ ते ४० हर्ट्झचा असतो, खालची बाजू अशी कापली की एसटी सेगमेंटचा, म्हणजे टोकदार ठोक्यानंतरच्या तुकड्याचा, आकार बिघडतो, आणि अ‍ॅटॅकची बरीच खूण तिथेच असते. वर एकच चॅनेल. हे डिव्हाइस ठोक्यांची गती आणि लय दाखवतं, तेवढंच छातीठोक सांगा.

## ९. लांब टेस्ट

थेट सात दिवस नको. आधी दोन तास, मग एक रात्र, मग २४ तास, मग तीन दिवस. प्रत्येक वेळी सेन्सरने दर मिनिटाला चार गोष्टी लिहाव्या: बॅटरीचं व्होल्टेज, रिसेट किती झाले, पॅकेट किती हरवले, इलेक्ट्रोड किती वेळ सुटला होता. २४ तासांनंतर व्होल्टेजचा उतार बघून सात दिवस निघतील का याचा अंदाज येतो, नसतील निघत तर टप्पा २ वर परत जा, मोठी सेल लावून प्रश्न झाकू नका.

घालणाऱ्याने वही ठेवायची. झोप, जिने, चहा, भांडण, धडधडलं तर ती वेळ. सेन्सरवर एक बटण असेल तर अजून चांगलं, दाबलं की डेटामध्ये खूण. दिवसातून एकदा बोटांनी नाडी पूर्ण ६० सेकंद मोजून त्याच मिनिटाच्या आकड्याशी ताडायची, ती पण वहीत.

निकालात अचूकता सांगण्याआधी हे सांगा: १६८ तासांपैकी किती तासांचा डेटा वापरण्यासारखा मिळाला. परीक्षकांनी विचारलं नाही तरी पहिल्या पानावर हाच आकडा ठेवा, आणि खाली कारणानुसार फोड, किती तास इलेक्ट्रोडमुळे गेले, किती रेडिओमुळे, किती बॅटरीमुळे.